न जुळणारे दाते

रत्नपारखी बाई ज्याच्यावर कधी चिडल्या नाहीत असा माणूस आमच्या पुंडलिकनगरच्या गल्लीत नव्हता. दूधवाला, केबलवाला, नगरसेवक, नगरसेवकाचा भाऊ, दोन्ही बाजूंचे शेजारी, आणि मी. गल्लीत नवा भाडेकरू आला की लोक त्याला आधी पाण्याचा वार सांगायचे आणि मग बाईंचं घर लांबूनच दाखवायचे. तिथं दारासमोर गाडी लावू नका, एवढं बजावायचे. मला त्या वेळी वाटायचं, हे बाईंचं काहीतरी बिनसलेलं आहे. एकट्या राहतात, साठी जवळ आली, नोकरी मध्येच सोडलेली, म्हणून असेल. आता असं वाटत नाही. आता वाटतं, त्या काळात या शहरात राहून जे चिडले नाहीत त्यांचंच काहीतरी बिनसलं होतं.

लागोपाठच्या दुष्काळाची ती वर्षं. जायकवाडी तळाला गेलेलं, नळ आठवड्याने एकदा खोकायचा, आणि बीड बायपासच्या पलीकडं मात्र इमारतींवर इमारती चढत होत्या. पिण्याला पाणी नव्हतं, पण स्लॅबवर मारायला होतं. कुठून येत होतं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी विचारत नव्हतं.

आमच्या गल्लीत टँकर यायचा. त्याचा व्हॉल्व्ह गळका. यायच्या वाटेवर ओली रेघ ओढत यायचा, आणि गल्लीत उभा राहिला की खाली डबकं. आम्ही सगळे हंडे घेऊन भांडत असायचो, डबक्याकडं कोण बघतो? एक दिवस बाईंनी ड्रायव्हरला विचारलं, की किती दिवस गळतोय हा. तो म्हणाला, "चालतंय की बाई, सगळेच गळतात."

त्या एका शब्दावर त्यांचं डोकं फिरलं. 'चालतंय' हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. त्या घरात गेल्या आणि पान्हा, सुताचा गुंडा आणि जुन्या पितळी तुकड्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. ड्रायव्हरला पाणी बंद करायला लावलं आणि साडीचा पदर खोचून टँकरखाली शिरल्या. डब्यातला एक व्हॉल्व्ह फवारणीच्या पंपाचा होता, दुसरा कुठल्याशा सोलर बंबाचा. दोन्ही त्या पाइपाला बसणारे नव्हते, आटेच वेगळे. बाईंनी मध्ये एक तिसराच तुकडा घातला, सूत गुंडाळलं आणि त्यांतला एक बसवला. हे सगळं होईस्तोवर तोंड चालूच होतं. ड्रायव्हरचा मालक, महापालिका, आम्ही हंडेवाले, कुणीही सुटलं नाही. गळती थांबली. पुढच्या खेपेला ड्रायव्हरने कौतुकाने त्यांना जास्तीचे दोन हंडे द्यायचं म्हटलं, तर त्यावरूनही त्या चिडल्या.

तो पितळी तुकड्यांचा डबा बघून माझ्या डोक्यात विचार आला. मी तेव्हा गंगापूर रस्त्यावरच्या एका खेळाच्या मैदानावर व्यवस्थापक होतो. एका बिल्डरने तिथं शेतजमीन घेतली होती. प्लॉट पाडायची परवानगी येईस्तोवर त्यावर काहीतरी करायचं म्हणून त्याने बंदुकांच्या खेळाचं मैदान काढलं. विक्रांतशेठ त्याचं नाव. वाळूजच्या कारखान्यांतली साहेब मंडळी सुट्टीला यायची, दोन पक्ष करायची, रेतीच्या पोत्यांआड लपायची आणि एकमेकांवर प्लास्टिकचे छर्रे झाडायची. बंदुका दिसायला अगदी खऱ्यासारख्या, पण खेळण्यातल्या. पोटात बॅटरी, बॅटरीवर फिरणारी मोटर, आणि मोटरने फिरणारी दात्यांची तीन चाकं. शेवटच्या चाकाला अर्ध्याच परिघावर दाते असतात. ते चाक एक दट्ट्या मागं ओढतं, त्यामागची स्प्रिंग दाबली जाते, दाते संपले की दट्ट्या सुटतो आणि त्याच्या हवेने तुरीच्या दाण्याएवढा छर्रा बाहेर पडतो. यंत्र म्हणून एवढंच.

पण मराठवाड्याची धूळ त्यात गेली की सगळं खलास. वर्षभरात निम्म्या बंदुका बंद पडल्या. नव्या मागवल्या की कस्टममध्ये अडकायच्या, आणि सुटे भाग मिळायचे ते जुने, वापरलेले, चार वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागत नाही, एकाचा दट्ट्या दुसऱ्याच्या नळीत बसत नाही. मैदानावर खेळ चालवायला इरफान होता. लेबर कॉलनीकडचा, चांगला उमदा माणूस. त्याने पुष्कळ खटपट केली. जोडलेली बंदूक दहा फैरी झाडायची आणि कटकन आवाज करून दाते थुंकायची.

मी बाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, "बंदुका? मोठ्या माणसांना खेळायला?" आणि पंधरा मिनिटं मला झापलं. मग म्हणाल्या, "एक घेऊन ये. उघडून बघते."

अशा त्या आल्या.

मैदानाच्या कडेला पत्र्याची एक खोली होती. बाईंनी तिचा ताबा घेतला. येताना घरचं इडलीपात्र आणलं. बंदूक उघडली की एकेक भाग निघेल त्या क्रमाने इडलीच्या खळग्यात ठेवायच्या. सोबत दंतवैद्याकडची एक बारीक आकडी, कानशी, पितळी पत्र्याच्या कातरलेल्या चकत्या, आणि जुन्या सायकलच्या ट्यूबचे तुकडे. त्या खोलीत कुणी चहाचा कप घेऊन आलेलं त्यांना खपायचं नाही. साखर सांडते आणि मुंग्या ग्रीस खातात, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंग्या खरंच ग्रीस खातात का, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

न जुळणाऱ्या भागांवर त्यांचा जीव होता. चांगला जुळणारा संच हाती आला तर त्या अनिच्छेने जोडून टाकायच्या. पण एका बंदुकीचं पहिलं चाक, दुसरीचं मधलं, तिसरीचं शेवटचं आणि चौथीचा दट्ट्या असं समोर आलं की चष्मा कपाळावर जायचा आणि नाक जवळजवळ चाकाला टेकायचं. चाकाखाली कागदाएवढी पातळ चकती सारायच्या, फिरवून बघायच्या, चकती काढायच्या, दुसरी सारायच्या. दट्ट्याचा एक दाता कानशीने थोडा खाली घासायच्या, दट्ट्याच्याच डोक्यामागं ट्यूबचा गोल तुकडा चिकटवायच्या. इरफानला सांगायच्या, "दोघांचे दाते सारखे आहेत, पण उंची वेगळी आहे. कुणीतरी खाली बसायचं, कुणीतरी वर सरकायचं. आणि पहिल्या दिवशी धावायला लावायचं नाही." म्हणून त्या नव्या जोडणीला उतरलेली बॅटरी लावून हळूहळू फिरवायच्या आणि कान देऊन बसायच्या. आवाज पटला नाही की पुन्हा इडलीपात्र.

इरफानचं आणि त्यांचं दिवसभर वाजायचं. तो म्हणायचा, "मॅडम, हो गया ना, अब बस करो." त्या म्हणायच्या, "तुझं सगळं बसच असतं. रिक्षात बस, बाजेवर बस." तो हसायचा. घरी जाताना तोच त्यांचं इडलीपात्र फडक्याने पुसून द्यायचा. त्याच्या आईने पाठवलेली खिचडी बाई रागारागाने खायच्या, मीठ कमी आहे म्हणून.

एक गोष्ट त्यांनी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकली. छर्रा किती वेगाने सुटतो ते मोजायचं एक छोटं यंत्र असतं. त्यांनी ते मागवून घेतलं. प्रत्येक बंदूक त्यातून तपासायच्या. ठरल्यापेक्षा वेग जास्त निघाला की स्प्रिंग कापायच्या किंवा बदलायच्या, आणि मग दस्त्यावर हिरव्या नेलपॉलिशचा ठिपका. ठिपका नसलेली बंदूक मैदानात दिसली तर खेळ थांबवून आत शिरायच्या. एकदा कुठल्याशा कारखान्याचे मोठे साहेब तक्रार घेऊन आले, की आमच्या बंदुकीत जोर नाही, जरा कडक करून द्या. बाईंनी त्यांच्या चेहऱ्यावरचा, छर्र्यांपासून डोळे वाचवायचा चष्मा नीट बसवला, जसा लेकराचा बसवावा, आणि म्हणाल्या, "हा घालून खेळा. जोर घरी लावा." विक्रांतशेठ मला म्हणाला की म्हातारी गिऱ्हाईक पळवणार. पण बंदुका चालत होत्या, त्यामुळे तो गप्प राहिला.

एवढा ठिपक्याचा हट्ट का, ते मला जाता-येता गाडीत कळलं. बाई तंत्रनिकेतनात शिकवायच्या, यंत्रशाळेत. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाची तीन बोटं मशीनमध्ये गेली. मशीनच्या चाकावरचं जाळीचं झाकण कुणीतरी काढून ठेवलं होतं, काम लवकर उरकतं म्हणून. चौकशी झाली. सगळ्यांनी सांगितलं की मुलगाच बेफिकीर होता. बाईंनी सांगितलं की झाकण नव्हतं, आणि ते नाही हे मी दोनदा तोंडी सांगितलं होतं. त्यानंतर त्यांना कोपऱ्यातली खोली मिळाली, मग तास मिळेनासे झाले, मग लांबची बदली. त्यांनी राजीनामा दिला. हे सांगतानाही त्या झाकण काढणाऱ्यावर फारशा चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्याला घाई होती. माणसाला घाई असते. मला राग येतो तो बघून न बघणाऱ्यांचा. वीस माणसं त्या मशीनपाशी रोज उभी राहायची."

मग तो उन्हाळा आला.

मैदानाच्या खालच्या अंगाला विक्रांतशेठने शेततळं खणलं होतं. प्लास्टिकचा निळा कागद अंथरलेला, टँकरने भरलेलं, त्यात दोन पायडलच्या बोटी. आसपासच्या विहिरी तळाला गेल्या, हातपंप नुसता कर्रकर्र करायला लागला, आणि आमच्या तळ्यात बोटी तरंगत होत्या. कुंपणापलीकडं एक वस्ती होती. तिथल्या बायका सकाळी कुंपणाशी येऊन उभ्या राहायच्या. आधी मागायच्या. रखवालदार हाकलायचा. मग त्यांनी तारेखाली एक जागा केली आणि भल्या सकाळी आत शिरून हंडा भरून न्यायला लागल्या. तळ्याची पातळी बोटभरही हलत नव्हती त्यांच्या हंड्यांनी. पण विक्रांतशेठला ते सहन होईना. म्हणायचा, आज हंडा नेतात, उद्या जमीन मागतील.

एक दिवस तो पत्र्याच्या खोलीत आला आणि बाईंना म्हणाला की दोन बंदुकांत कडक स्प्रिंग घालून द्या, रानडुकरं हिरवळ उकरतात. बाई म्हणाल्या, "डुकराच्या कातडीला याने गुदगुल्याही होणार नाहीत. मग कुणासाठी?" तो हसला. म्हणाला, मॅडम, तुम्ही फार विचार करता. बाईंनी नाही म्हणून सांगितलं, आणि आणखी पुष्कळ काही सांगितलं. पण बाई काय, रोजच सांगायच्या. तो हसत निघून गेला.

नंतर एका सकाळी मी मैदानावर पोचलो, तर तारेपाशी एक बाई बसलेली. पदर गोळा करून डोळ्यावर दाबलेला, हंडा आडवा, पाणी मातीत जिरलेलं. बाकीच्या बायका कुंपणाबाहेरून ओरडत होत्या. रखवालदार बंदूक घेऊन बाजूला उभा होता आणि सारखं म्हणत होता, "पायावर मारलं होतं साहेब, पायावर." त्या बाईचं नाव सुमन. इरफान आणि मी तिला जीपमध्ये घालून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत ती एकदाही रडली नाही. फक्त विचारत होती, हंडा कुणी घेतला का. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, डोळा वाचणार नाही.

बाई त्या दिवशी सुट्टीवर होत्या. दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा इरफानने त्यांना सांगितलं. त्यांनी ती बंदूक मागवली. आकाशाकडं नळी करून एकदा घोडा ओढला, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "ही माझी स्प्रिंग नाही."

बंदूक उघडली. आत जाड, काळी, भलतीच स्प्रिंग होती. कुणा मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून घालून घेतलेली. बाईंनी चष्मा कपाळावर सारला. मग आकडीने एकेक भाग दाखवत इरफानला म्हणाल्या, "बाकी सगळं माझंच आहे. ही चकती माझी. हा दाता मी घासलेला. दुसऱ्या कुणी जोडली असती तर एवढ्या स्प्रिंगने पहिल्याच फैरीला दाते मोडून पडले असते. माझी जोडणी टिकली."

मी त्यांना तसं बोलताना पुन्हा कधी ऐकलं नाही.

मग त्या ऑफिसात गेल्या आणि ओरडल्या. सगळं मैदान ऐकत होतं. लोक हसले. माळी हसला, कँटीनवाला हसला, तिकीट काढायला आलेली दोन माणसं हसली. कारण बाई ओरडणारच. बाई साखरेवर ओरडल्या होत्या, मिठावर ओरडल्या होत्या, चपला दारात काढल्या म्हणून ओरडल्या होत्या. आज एका बाईचा डोळा गेला म्हणून ओरडत होत्या, आणि लोकांना दोन्ही आवाज सारखेच वाटले. विक्रांतशेठने त्यांना पाणी पुढं केलं. म्हणाला, मॅडम, बीपी वाढेल.

त्या ती बंदूक पिशवीत घालून पोलिसांकडं गेल्या. मी बरोबर होतो. हवालदाराने बंदूक हातात घेऊन बघितली आणि म्हणाला की खेळणं आहे हे. बाई तिथल्या बाकावर बसल्या त्या उठेचनात. दुपार गेली, जेवण गेलं. शेवटी त्यांना घालवण्यासाठी का होईना, कुणीतरी माझा आणि त्यांचा जबाब घेतला आणि बंदूक जमा करून घेतली. पण सुमनच्या जबाबात आलं की ती बाभळीच्या काट्यावर पडली. का आलं ते चार दिवसांनी समजलं. तिच्या नवऱ्याला मैदानावरच नोकरी लागली होती. अंगावर निळा गणवेश, हातात काठी. ज्या तारेखालून त्याची बायको आत आली होती त्याच तारेवर पहारा.

बाई वस्तीवर गेल्या. आणि खरं सांगायचं तर त्यांनी तिथं चूक केली. तिथंही ओरडल्या. दारात उभं राहून सुमनलाच म्हणाल्या, "डोळा तुझा गेला आणि तू काटा म्हणतेस?" सुमनच्या सासूने दार लावून घेतलं. परतताना बाई गाडीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. गेवराई फाट्याजवळ... नाही, वाळूजच्या अलीकडं, नक्की कुठं ते आठवत नाही, त्या एकदम म्हणाल्या, "तिला तिथं राहायचंय. मला नाही." बस, तेवढंच.

त्याच रविवारी त्या मैदानावर आल्या. रविवार म्हणजे सगळ्यात गर्दीचा दिवस, सकाळपासून नोंदणी झालेली. बाईंनी नेहमीसारखी पत्र्याची खोली उघडली, इरफानला सांगून सगळ्या बंदुका भिंतीवरून उतरवून घेतल्या. आम्हाला वाटलं, तेलपाणी करताहेत. त्यांनी पहिली बंदूक उघडली, तीन चाकं काढली, चकत्या काढल्या, दट्ट्या काढला, स्प्रिंग काढली. मग दुसरी. मग तिसरी. त्या दिवशी इडलीपात्र आणलंच नव्हतं. जमिनीवर एक पोतं अंथरलं होतं, त्याच्यावर सगळं पडत होतं. चाकांवर चाकं, चकत्यांवर चकत्या. घाई नाही, आदळआपट नाही. बाहेर गिऱ्हाईक हाका मारत होतं. इरफान आत आला, त्याने एकदा पोत्याकडं बघितलं, आणि खाली बसून स्क्रू काढायला लागला.

विक्रांतशेठ आला तेव्हा शेवटच्या दोन-तीन राहिल्या होत्या. त्याने विचारलं, हे काय चाललंय. बाईंनी मान वर केली नाही.

"मी जोडलेलं मी सोडवतेय."

तो म्हणाला की ही माझी मालमत्ता आहे, नुकसान केलं तर आत टाकीन. बाईंनी हातातलं चाक त्याच्यापुढं धरलं.

"बघून घ्या. एक दाता मोडलेला नाही. एक चकती मी नेत नाही. तुमचं सगळं या पोत्यावर आहे, जोडून घ्या. कुठलं कुणाला लागतं ते मला माहीत आहे, आणि मी सांगणार नाही."

मग त्यांनी ते पोतं चारी टोकांनी उचललं, दोनदा गदागदा हलवलं आणि पुन्हा खाली ठेवलं. हात पुसले आणि चालत्या झाल्या. इरफान त्यांच्यामागून गेला. त्यांच्यानंतर मीही गेलो. त्यात शौर्य काही नव्हतं. तिथं उभं राहवेना, एवढंच.

विक्रांतशेठने तक्रार केली नाही. कशाची करणार? मोडलेलं काही नव्हतं. त्याने पुण्याहून माणूस आणला. तो दोन दिवस ते पोतं चाळत बसला, चार बंदुका कशाबशा जोडल्या, आणि त्यांतल्या तीन पहिल्याच दिवशी दाते थुंकून बंद पडल्या. तिथं एकमेकांचं कुणी नव्हतंच. बाईंनी घासून, सारून, कान देऊन त्यांना एकमेकांचं केलं होतं, आणि ते बाईंबरोबर गेलं. मैदान त्या पावसाळ्याआधीच बंद झालं. पुढं परवानगी आली, प्लॉट पडले. आज तिथं रो-हाउसं आहेत, कमान आहे, आणि तळ्याच्या जागी बाग. कमानीवर पाण्याचं कारंजं आहे. मी त्या रस्त्याने जायचं टाळतो. गेलो की डोकं फिरतं.

बाई मात्र वस्तीवर जात राहिल्या. इरफान त्यांना मोटारसायकलवर नेऊन सोडायचा. तो सांगायचा, आता त्या दारात उभ्या राहत नाहीत, समोरच्या दगडावर बसतात. कुणी बोललं तर बोलतात, नाहीतर बसून उठतात. एकदा सुमनची शिलाई मशीन अडली होती, तिला कुठलाच भाग मिळत नव्हता. बाईंनी ती दुरुस्त करून दिली. चिडल्या म्हणे, तेल कधी घातलंच नाही म्हणून. त्यावर सुमन पहिल्यांदा हसली.

मैदान बंद पडल्यावर तिच्या नवऱ्याची नोकरीही गेली. गणवेश काढून घेतला, आणि वर पगारही बुडवला. त्यानंतर सुमन स्वतःहून बाईंच्या घरी आली, पुंडलिकनगरला, विचारत विचारत. लोकांनी तिला लांबूनच घर दाखवलं असणार. ती म्हणाली, मला खरं सांगायचंय.

निकाल काय लागला तेही सांगून टाकतो, म्हणजे उगाच आशा नको. खटला वर्षानुवर्षं चालला. जमा केलेली बंदूक कामाला आली. रखवालदाराला शिक्षा झाली. त्याने कुणाच्या सांगण्यावरून घोडा ओढला ते मी सांगितलं, इरफानने सांगितलं, आणि खुद्द रखवालदारानेही शेवटी सांगितलं. पण विक्रांतशेठचं नाव कुठल्याशा वळणावर गळून पडलं. व्हॉल्व्ह गळतो तसं. तो निकाल ऐकायला बाई नव्हत्या. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात त्या झोपेतच गेल्या. गल्ली गोळा झाली, आणि बायका म्हणाल्या की आता शांतता झाली. मी त्यांच्यावर ओरडलो. माझी बायको मला हाताला धरून घरात घेऊन गेली.

मला त्यांची शेवटची आठवण आहे ती कोर्टाच्या व्हरांड्यातली. सुमनची साक्ष होती. आम्ही सकाळपासून बसलो होतो आणि पुढची तारीख पडणार असं दिसत होतं. समोरच्या वकिलाचा कारकून सुमनपाशी आला आणि फार मायेने म्हणाला, की मावशी, इतक्या वर्षांनी कशाला, तुमचं तुम्हालाच नीट आठवतंय का?

सुमन उठली. तोवर मी तिचा आवाज कधी नीट ऐकला नव्हता.

"म्या पडले व्हते का? काट्यावर कुणी डोळा उघडा ठिऊन पडतंय? हंडाभर पाणी न्याया गेले व्हते, तुझ्या मालकाचं घर लुटाया नाय गेले."

कारकून म्हणाला की हळू बोला, कोर्ट आहे. ती आणखी एक पाऊल पुढं सरकली. "लई दिस हळूच बोलले. आता नाय."

व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. शिपाई आतून बाहेर आला. मी उठायला लागलो, तसा बाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. त्या बाकावर पाय वर घेऊन बसल्या होत्या. मांडीवर रुमाल पसरलेला, त्यात दौलताबादचं पिकलेलं सीताफळ फोडलेलं. सुमन बोलत होती, तिचा आवाज चढत होता, आणि बाई एकेक गर तोंडात टाकत होत्या, बी जिभेने वेगळी करून तळहातावर घेत होत्या. मी म्हणालो, बाई, तुम्ही काहीतरी बोला.

त्यांनी मान हलवली.

"ती बोलतेय ना," त्या म्हणाल्या, आणि सीताफळाचं अर्धं माझ्यापुढं सरकवलं.